मांजराची साखर: दवाखान्यात मोजावी की घरी?

मधुमेह झालेल्या मांजराला इन्सुलिनचा डोस बसवताना रक्तातली साखर साधारण १२ तास, दर २ तासांनी मोजतात. दवाखान्यात हे काम सराईत हातांनी होतं. पण सिडकोहून कॉलेज रोडपर्यंत रिक्षात ओरडत गेलेल्या मांजराची साखर नुसत्या धास्तीनेच ३०० च्या वर जाऊ शकते. त्या आकड्यावर डोस वाढवला, तर घरी आल्यावर साखर धोकादायक खाली घसरू शकते.

घरी कानाच्या कडेला टोचलं की थेंबभर रक्त पुरतं. आधी कान कोमट कापडाने शेकायचा. नाशिकच्या डिसेंबरात तर हवंच. माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, मात्र मांजराच्या रक्तात ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. कोणतं मशीन वापरता ते डॉक्टरांना सांगा.

माझा कौल घरालाच. मांजर खात नसेल, उलट्या होत असतील, तर सरळ दवाखाना. आणि घरी मोजलं म्हणून डोस मनाने बदलायचा नाही, आकडे लिहून डॉक्टरांना पाठवायचे. साखर फार उतरून मांजर झोकांड्या देऊ लागलं तर मात्र मोजत बसू नका: हिरड्यांना मध चोळा आणि लगेच फोन लावा.