पायलोकार्पिन ५ एमजीच्या गोळ्या, अमळनेरच्या उन्हाळ्यासकट वर्षभराचा अनुभव

शोग्रेन्स सिंड्रोम नावाच्या, तोंड आणि डोळे कोरडे पाडणाऱ्या आजारासाठी मागच्या नोव्हेंबरात ही गोळी सुरू केली, आता दिवाळी तोंडावर आलीये म्हणजे वर्ष झालंच. सुरू करताना मला कोणी आपल्या भाषेत नीट समजावून सांगायला नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर लांबू द्या. मी झेडपीच्या शाळेत शिकवते, वय ५२, राहते अमळनेरला. वय आणि गाव मुद्दाम सांगितलं कारण हा आजार बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनाच होतो, आणि ही गोळी थंड हवेच्या गावात घेणं वेगळं आणि आपल्या खान्देशात एप्रिल-मे मधे घेणं वेगळं.

आधी दोन वर्षं नुसती अंगावर काढली. चौथीच्या वर्गात कविता म्हणायची तर दोन कडव्यांनी जीभ टाळूला चिकटायची, टेबलावर पाण्याची बाटली कायम. कळण्याची भाकरी घासाघासाला पाणी घेतल्याशिवाय गिळवत नव्हती आणि ठेचा तर सोडूनच दिला, जिभेला चिरा पडल्यासारखं झोंबायचं. रात्री तीनदा उठून पाणी प्यायचं. डोळ्यात कायम वाळू गेल्यासारखं. मला वाटलं वय झालं, पाळी गेली त्याचं असेल, खडूची धूळ असेल. मग त्याच्या आदल्या मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, पोरगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली, पाठवणीला ती गळ्यात पडून रडतेय, मलाही आतून भडभडून येतंय आणि डोळ्यात एक टिपूस नाही. डोळे नुसते जळत होते. बायकांनी बघितलं, एकीने बोलूनही दाखवलं. घरी आल्यावर माय म्हणाली, "पोरी, तुन्हा डोयामा पानीच नही उनं वं." ते वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं, शर्मर टेस्ट म्हणतात. पाच मिलीमीटरच्या खाली ओली झाली तर डोळे खूप कोरडे समजतात, माझी तीनच झाली. मग रक्ताच्या तपासण्या, मग धुळ्यावरून एसटीने नाशिकला संधिवाताच्या डॉक्टरांकडे. निदान निघालं शोग्रेन्स सिंड्रोम. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ साली यावर प्रबंध लिहिला, त्यांचं नाव. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते. पूर्ण बरा होत नाही, सांभाळायचा असतो, आणि सांभाळण्यातला एक भाग ही गोळी.

गोळीचं काम साधं आहे. ज्या ग्रंथी अजून जिवंत आहेत त्यांना ती ढोसून कामाला लावते, आजार मुळातून काढत नाही. औषध ब्राझीलकडच्या जाबोरंडी झाडाच्या पानांतून १८७५ साली वेगळं काढलं गेलं, होमिओपॅथीच्या केसांच्या तेलावर जाबोरंडी लिहिलेलं असतं तेच झाड. पण म्हणून झाडपाल्याचं आहे, काही होत नाही, असं अजिबात धरू नका. ग्रंथींना ढोसताना ती फक्त लाळेच्या ग्रंथी निवडत नाही, घामाच्या, पोटाच्या, श्वासनळीच्या, सगळ्यांनाच ढोसते. पुढचं सगळं यावरूनच समजतं.

म्हणूनच लिहून देण्याआधी डॉक्टरांनी अर्धा तास प्रश्न विचारले. दमा आहे का, कारण आटोक्यात नसलेल्या दम्यात ही देत नाहीत, श्वासनळ्या आवळू शकतात. काचबिंदू आहे का, त्यातला अरुंद कोनाचा प्रकार असेल किंवा डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज असेल तर चालत नाही, त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पित्ताशयात खडे, मुतखडा, हृदय, लिव्हर, सगळं विचारलं. आणि बीपीची गोळी कोणती चालू आहे म्हणाले. मी म्हटलं साधीच आहे छोटी पांढरी. ते म्हणाले ताई, पांढरी म्हणजे कोणती, पट्टी दाखवा. मिस्टरांना फोन करून पट्टीचा फोटो मागवला तर निघाली बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके हळू करणारी. ती आणि ही एकत्र घेतली तर हृदयाच्या ठोक्यांची गडबड होऊ शकते. माझ्या बीपीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी ती गोळी हळूहळू बदलायला लावली, एकदम बंद करू नका असं दोनदा बजावलं, आणि त्यात तीन आठवडे गेले तेव्हा कुठे ही सुरू झाली. तेव्हापासून माझ्या पर्समधे सगळ्या औषधांच्या पट्ट्यांचे फोटो आणि एक कागद असतो. दाताच्या डॉक्टरांकडेही तोच कागद पुढे करते.

आता मिळण्याबद्दल. सहज मिळत नाही हे आधीच सांगते. अमळनेरात नव्हतीच, जळगावला तीन दुकानं फिरले. एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली, आत गेला आणि डोळ्यात टाकायचे ड्रॉप आणून दिले, म्हणे हेच आहे मॅडम, पायलोकार्पिन. नाव बरोबर होतं! पण ते काचबिंदूचे ड्रॉप, बाहुली लहान करणारे. मला डोळे कोरडे आहेत म्हणजे मी ते बिनधास्त टाकले असते, आणि माझ्यासारख्या शंभरातल्या नव्वद जणी टाकतील. चिठ्ठीवर टॅबलेट आणि ५ एमजी लिहिलेलं होतं म्हणून मी अडले, परत केले. चिठ्ठीवर गोळी आहे की ड्रॉप आणि किती एमजी ते स्वतः वाचा, अक्षर लागत नसेल तर दवाखान्यातच विचारून घ्या. आता मी एका दुकानातून महिन्याची गोळी मागवते, तिथला पोरगा आठ दिवस आधी फोन करून आठवण करतो. स्वस्त नाहीये, वर्षाचा हिशोब आधी मांडून ठेवा. मधेच पैसे संपले म्हणून चारच्या दोन करू नका, तसं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

शोग्रेन्सला साधारण ५ एमजी दिवसातून चारदा असा डोस असतो, मला दोनपासून सुरू करून तीन आठवड्यांनी चारवर नेलं. लिव्हरचा त्रास असणाऱ्यांना कमी देतात, त्यामुळे माझा डोस बघून आपला ठरवू नका. पहिली गोळी घेतली तेव्हा घड्याळ लावून बसले होते. वीस-पंचवीस मिनिटांनी जिभेखाली ओल जाणवली. खरं सांगते, डोळ्यात पाणी नसूनही रडायला आलं मला. दोन वर्षांनी तोंडात तोंडासारखं वाटत होतं. तीन-चार तास टिकतं, मग हळूहळू ओसरतं. डिसेंबरात शेतावर भरिताचा बेत होता, बामणोदची वांगी, काट्यांवर भाजलेली, सोबत कळण्याच्या पुऱ्या, आणि मी मधे एकदाही पाण्याचा तांब्या न उचलता जेवले. जाऊबाईंच्या लक्षात आलं ते, माझ्या आधी.

पण लाळेसोबत घाम येतोच. हिवाळ्यातसुद्धा गोळीनंतर कपाळ, मान ओली व्हायची, चेहरा लाल गरम, नाक वाहायचं, आणि सारखी लघवी. शाळेतल्या बाईमाणसाला हे किती अवघड जातं ते बाईलाच कळेल. म्हणून सकाळची गोळी अशी बसवली की दुसऱ्या तासानंतरच्या सुट्टीत मोकळं होता येतं. मळमळ पहिले पंधरा दिवस होती, मग गेली.

आता उन्हाळा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. मार्चमधे काही विशेष नव्हतं, सकाळची शाळा, दुपारी घरात. एप्रिलात पारा ४३-४४ वर गेला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले. खापरावरच्या पुरणपोळ्या, वरून तूप, पोरी झोक्यावर गाणी म्हणतायत, दुपारी दीडला जेवले आणि लगेच गोळी घेतली. नेहमीच्या वीस मिनिटांत काही झालंच नाही. तुपातुपाच्या जेवणाने गोळी उशिरा भिनते हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं घ्यायचीच राहिली की काय, आणि दुसरी घेणार होते, मायने पट्टी मोजली म्हणून वाचले. तासाभराने जो घाम सुटला, त्यात लाईट गेलेली, कूलर बंद, पंखा बंद, साडी पिळून काढावी इतका घाम. मग डोकं गरगरायला लागलं, उठले तर भिंत धरावी लागली. भावाने फोन लावला, डॉक्टरांनी आधी विचारलं दम लागतोय का, छातीत धडधडतंय का, नाडी फार हळू आहे का, तसं असेल तर सरळ दवाखान्यात न्या म्हणाले. तसं नव्हतं, अंगातलं पाणी गेलं होतं. थोडं थोडं करत पाणी आणि ताक पाजलं, ओल्या पंच्याने अंग पुसलं, संध्याकाळी ठीक झाले.

चूक माझी होती. पाणी भरपूर प्या हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण तोंड ओलं राहायला लागल्यावर मी पाणीच कमी प्यायला लागले होते! आधी तहान लागली की कळायचं, आता तोंड कोरडं पडत नाही म्हणून कळत नाही, आणि घाम तर दुप्पट. आपल्याकडच्या बायांनी हे नीट लक्षात घ्या. मी आता उन्हाळ्यात गोळीच्या आधी एक आणि नंतर तासाभरात दोन असे पेले मोजून पिते. (किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोला.) डॉक्टरांनी मे महिन्यापुरती दुपारची गोळी बंद केली, बाकी तीन चालू ठेवल्या, पाऊस पडल्यावर पुन्हा चार. हे त्यांनी ठरवलं, मी मनाने नाही केलं. गोळी राहिली तर राहिली, पुढच्या वेळेला दोन घ्यायच्या नाहीत.

आणखी एक, रात्री नजर थोडी धूसर होते, समोरच्या गाडीचे लाईट पसरल्यासारखे दिसतात. संध्याकाळच्या गोळीनंतर मी ॲक्टिवा चालवत नाही, मिस्टर नेतात नाहीतर रिक्षा.

डोळ्यांना मात्र या गोळीने फारसा फरक पडला नाही, माझ्या तरी. त्यासाठी वेगळे ड्रॉप लागतात. मी आधी बाटलीतले घेत होते, दिवसातून आठ-दहा वेळा, आणि डोळे आणखीच लाल. कारण बाटलीतल्या बऱ्याच ड्रॉपमधे टिकवायचं केमिकल असतं आणि ते इतक्या वेळा गेलं की तेच डोळ्याला त्रास देतं. आता एकदा वापरून टाकायच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या घेते, त्यात ते नसतं. महाग पडतात, पण उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवायची नाही, आणि बाटली उघडली तर त्यावर तारीख लिहून महिन्याने फेकायची. दुसरे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप आहेत, डोळ्यातला प्रतिकारशक्तीचा हल्ला शांत करणारे, सकाळ-संध्याकाळ, ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला काही महिने लागतात, मला चौथ्या महिन्यात जाणवलं. दोन्हीमधे पंधरा मिनिटं सोडते. मेडिकलमधून लाली घालवणारे किंवा स्टिरॉइडचे ड्रॉप मनाने आणू नका, स्टिरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो. बाहेर पडताना स्कार्फ आणि गॉगल आहेच, आणि कूलरचा झोत तोंडावर घ्यायचा नाही.

दात. माय प्रेमाने खडीसाखर चघळायला द्यायची, मी दोन वर्षं चघळली, आणि हिरड्यांजवळ चार दात किडले. लाळ नसली की दात उघडे पडतात. आता साखर नसलेलं च्युइंगम, फ्लोराइडची पेस्ट, दर सहा महिन्यांनी दाताचे डॉक्टर. सुपारी बंद.

शेजारच्या मावशींना पण तोंड कोरडं पडायचं, त्या एक दिवस म्हणाल्या दोन गोळ्या दे ना, बघते घेऊन. मावशींना दमा आहे, पंप वापरतात. मी नाही म्हटलं तर त्या रुसल्या, दहा दिवस बोलल्या नाहीत. तरी पट्टी दिली नाही. नंतर त्यांच्या डॉक्टरांनी बघितलं तर त्या झोपेसाठी जी गोळी घेत होत्या त्यानेच तोंड सुकत होतं, ती बदलली आणि बरं वाटलं. सर्दीच्या, ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनीही असंच होतं. मी स्वतः श्रावणात सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेतली आणि दोन दिवस पायलोकार्पिनचा काही उपयोगच होईना, एक सुकवते आणि एक ओलं करते, दोघी एकमेकींच्या विरुद्ध. या वर्षी कानबाईचे (श्रावणातल्या आमच्या खान्देशी सणाचे) रोट गिळायला पुन्हा पाण्याचा तांब्या लागला.

पाचपैकी चार देते. गोळीने मला वर्गात पूर्ण कविता म्हणता येते, जेवता येतं, रात्री एकदाच उठते. एक कमी केला तो घामासाठी, आणि मिळायला इतकी वणवण करावी लागते त्यासाठी. सहा आठवडे नियमित घेतल्याशिवाय फरक पडला नाही म्हणून सोडू नका, आणि गालाखाली सूज आली आणि ती उतरतच नसेल तर गोळीचं सोडा, आधी ती दाखवा.

फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकची तारीख आहे. या वेळी दुपारच्या गोळीचं आखाजीच्या आधीच विचारून घेणार आहे.