कॅनडा कॉर्नरजवळची फील्ड टेस्ट: मशीन चांगलं, पडदा पातळ

काचबिंदूचा संशय आला की डॉक्टर चिठ्ठीवर 'फील्ड' लिहून देतात, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी. ती टेस्ट करणाऱ्या नाशिकच्या कॅनडा कॉर्नर परिसरातल्या एका केंद्राबद्दल हा अभिप्राय आहे. नाव मुद्दाम देत नाही. इथल्या उणिवा इतरत्रही सापडतील, आणि तपासून घ्यायच्या गोष्टी सगळीकडे त्याच.

मशीन हम्फ्री या ब्रँडचं आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघायचं आणि बाजूला कुठे लुकलुकलं की बटण दाबायचं. एक ठिपका 0.2 सेकंद दिसतो. नेहमीच्या 24-2 प्रोग्राममध्ये मधल्या साधारण 24 अंशांत, 6 अंशांच्या अंतराने 54 जागा तपासल्या जातात. एका डोळ्याचं दृष्टिक्षेत्र खरं तर कानाच्या बाजूला 90 अंशांच्याही पुढे जातं, नाकाकडे आणि वर साधारण 60, खाली 70 ते 75. मग मधलाच भाग का तपासायचा? काचबिंदूची सुरुवातीची हानी बहुतेक वेळा मधल्या 30 अंशांतच उमटते म्हणून. तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचणाऱ्याचंही फील्ड खराब निघू शकतं, कारण तक्ता फक्त अगदी मधोमधची नजर तपासतो.

इथली टेक्निशियन मराठीत नीट समजावते. 'बरेच ठिपके दिसणार नाहीत, ते तसंच असतं, घाबरू नका,' हे वाक्य ती आधीच सांगते आणि त्याने निम्मं काम होतं. मशीन प्रत्येक जागी दिसेल-न दिसेल अशा सीमेवरचा प्रकाश शोधत असतं, त्यामुळे सगळे ठिपके दिसणं अपेक्षितच नसतं. हे न सांगितलेला माणूस अंदाजाने बटण दाबत सुटतो. मग रिपोर्टच्या करड्या नकाशावर, जिथे कमी दिसतं तो भाग गडद असतो, पांढरेफटक डाग पडतात आणि दुखणं झाकलं जातं.

घुमट डोळ्यापासून 30 सेंमीवर असल्याने वयानुसार जवळच्या नंबरची भिंग लावावी लागते. आपला बायफोकल चष्मा चालत नाही. इथे पातळ कडेचीच भिंग वापरतात आणि ती पापणीला न टेकता जितकी जवळ आणता येईल तितकी आणतात. अर्ध्यात डोकं मागे सरकलं तर भिंगाची कड आड येते आणि रिपोर्टच्या काठावर हुबेहूब आजारासारखी काळी कमान उमटते. कॅमेऱ्यात डोळा बघून डोकं सारखं करण्याचं काम ही बाई टाळत नाही. वयस्कांच्या उतरलेल्या पापणीला मात्र सांगितल्याशिवाय चिकटपट्टी लावत नाहीत, आणि मग वरचा भाग उगाच काळा येतो. हे स्वतःहून सांगा.

तक्रारीची जागा म्हणजे खोली. मशीन आणि रिसेप्शन यांच्यात नुसता पातळ पडदा. टोकन पुकारलं की नजर हलते, पडदा उघडला की उजेड आत येतो. दोन डोळ्यांच्या मध्ये विश्रांतीही विचारत नाहीत. बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, ही सोय तर कुणी सांगतच नाही. डोळा कोरडा पडला की तेच करा, दोन-चार उघडझाप करा आणि बटण सोडा.

रिपोर्ट हातात आला की वरचा डावा कोपरा आधी वाचा. कानाच्या बाजूला साधारण 15 अंशांवर अंधबिंदू असतो, तिथलं डोळ्याला काहीच दिसत नाही. मशीन अधूनमधून तिथे ठिपका टाकतं. तो दिसला तर नजर ढळली असं धरतं. त्या कोपऱ्यात 2/14, म्हणजे 14 पैकी 2 वेळा, असेल तर ठीक, 6/14 असेल तर पुढे दोन फुल्या छापलेल्या दिसतील, कारण मर्यादा 20 टक्क्यांची आहे. अंदाजाने दाबलेली बटणं 15 टक्क्यांवर गेली तर रिपोर्टवर भिस्त ठेवू नये. जन्मतारीखही बघा. तुलना त्याच वयाच्या निरोगी डोळ्यांशी होते, त्यामुळे साल चुकलं की सगळे आकडे चुकतात.

दुसरी खटकलेली गोष्ट: न विचारता जलद प्रोग्राम लावतात. वेळ वाचतो, पण मागचा रिपोर्ट सिटा स्टँडर्ड या सावकाश प्रोग्रामचा आणि आजचा सिटा फास्ट या जलद प्रोग्रामचा असेल तर आजार वाढला की प्रोग्राम बदलला, हे डॉक्टरांना कळायला अवघड. जुना कागद दाखवून 'हाच लावा' म्हटलं की लावतात. पहिलीच टेस्ट असेल तर ती खराब येण्याचीच शक्यता जास्त. हात बसेपर्यंत पुन्हा करावी लागते, त्यात केंद्राचा दोष नाही.

कळवण-सुरगाण्याहून एसटीने येऊन दुपारी बसू नका, थकलेल्या डोळ्यांचं फील्ड खराब येतं. सकाळचा पहिला नंबर मागा, तेव्हा रिसेप्शनही शांत असतं. बाहुली मोठी करणारे थेंब त्याच दिवशी घालायचे असतील तर फील्ड आधी उरकून घ्या. पार्किंग नाही, रिक्षाच बरी.