तात्पर्यवाल्या जुन्या इंग्रजी परीकथा: सात-आठ महिने रोज रात्री वाचल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे गेले सात-आठ महिने झोपायच्या आधी व्हिक्टोरियन काळातल्या परीकथा चालू आहेत, म्हणजे साधारण १८४० ते १८९० मधली, मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून लिहिलेली इंग्लंडमधली पुस्तकं. मुलगी नऊची, मुलगा सहाचा. मी पान इंग्रजी धरतो आणि सांगतो मराठीत. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं पण "क्लासिक आहे, नक्की वाचा" याच्यापुढे कुणी काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात रस्किनच्या 'द किंग ऑफ द गोल्डन रिव्हर'ने करा, डोळे झाकून. १८४१ मध्ये त्याने एफी ग्रे नावाच्या बारा वर्षांच्या मुलीसाठी लिहिली, छापून आली जवळजवळ दहा वर्षांनी. छोटीशी आहे, तीन-चार रात्रींत संपते. नदीच्या उगमात पवित्र पाण्याचे तीन थेंब टाकले तर नदी सोन्याची होणार, अपवित्र पाणी टाकलं तर टाकणारा काळा दगड होणार. थोरले दोघं भाऊ चर्चमधलं पाणी घेऊन निघतात, वाटेत तहानेने तडफडणारे भेटतात, हे त्यांना ओलांडून पुढे जातात आणि दगड होतात, कारण तहानलेल्याला नाकारलेलं पाणी चर्चमधलं असलं तरी अपवित्रच. धाकटा ग्लक म्हाताऱ्याला देतो, लहान मुलाला देतो, उरलेलं कुत्र्याला पाजतो. शेवटी नदी सोन्याची होतच नाही, ती सुकलेल्या खोऱ्यात वाहायला लागते आणि शेती परत उभी राहते. मुलगा म्हणाला मग सोनं कुठंय, तर मुलीने त्याला परत पहिल्यापासून सगळं समजावलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आणि इथेच मला या सगळ्या पुस्तकांमधला फरक कळायला लागला. शिक्षा किंवा बक्षीस जर गोष्टीतल्या जादूनेच घडत असेल तर पोरं ते धरून ठेवतात, लेखक मधे उभा राहून सांगायला लागला की ती तुमच्या हातातून गेली समजा.

किंग्जलीच्या 'द वॉटर बेबीज'मध्ये (१८६३) दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात आहेत. टॉम हा धुराड्यात चढून काजळी काढणारा मुलगा, पाण्यात पडून जलबालक होतो. तिथे तो समुद्रफुलांच्या तोंडात खडे टाकून त्यांना फसवतो, मग खाऊ वाटणारी परी बाकी सगळ्यांना खाऊ देते आणि याच्या तोंडात गार खडा ठेवते. पुढे तो खाऊ चोरतो तर अंगभर काटे उगवतात आणि त्याला कुणी जवळ घेऊ शकत नाही. मुलगा दोन दिवस त्या काट्यांबद्दलच बोलत होता. पण मधेमधे पानंच्या पानं शास्त्रज्ञांची टिंगल आणि उपदेश, ती मी सरळ गाळली. आणि एक गोष्ट नीट ऐका, यात आयरिश, ज्यू आणि काळ्या लोकांबद्दल वाईट बोललंय, आळशी लोक हळूहळू माकडं होतात असा एक आख्खा भाग आहे. आधी एकट्याने वाचून घ्याच, मी तो भाग मुलीला नंतर वेगळा बसून सांगितला, कारण असं छापलं जायचं हे तिला कळायला हवं असं मला वाटतं. धुराड्यातल्या खऱ्या मुलांबद्दल मात्र दोघांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. पुस्तक आल्यावर १८६४ मध्ये मुलांना धुराड्यात चढवण्याविरुद्ध कायदा झाला, तो नीट पाळला गेला नाही, मग १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा असाच एक मुलगा धुराड्यात अडकल्यामुळे वारला आणि त्याच वर्षी कडक कायदा आला. हे ऐकून मुलगी बराच वेळ चिडलेली होती.

'द वॉटर बेबीज'ची एक रंगीत संक्षिप्त आवृत्ती पण घेतली होती, तिच्यात प्रत्येक प्रकरणाखाली चौकटीत तात्पर्य आणि खड्याचा प्रसंगच गायब! पूर्ण पुस्तक घ्या आणि कापायचं ते स्वतः कापा.

न चाललेलं सांगतो. क्रुकशँक हा उत्तम चित्रकार, पण त्याने १८५० नंतर जुन्या परीकथांमध्ये दारूबंदी घुसवली, त्याच्या सिंड्रेलाच्या लग्नात दारूची होळी होते. डिकन्सने १८५३ मध्येच त्याच्या या प्रकारावर कडक लेख लिहिला होता आणि मी डिकन्सच्या बाजूने आहे. क्रिस्टिना रोझेटीचं 'स्पीकिंग लाइकनेसेस' (१८७४) मला स्वतःला आवडलं, मावशी मुलींना शिवण हातात घ्यायला लावून गोष्ट सांगते, पण त्यातली काटेरी, अंगाला हूक असलेली मुलं आणि त्यांचे दुष्ट खेळ ऐकून मुलगा झोपेना, बंद केलं. ऑस्कर वाइल्डच्या गोष्टी रडवतात, पण दोघं परत मागतात.

सगळ्यात वर जॉर्ज मॅकडॉनल्ड. 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' (१८७२) आधी, मग 'द प्रिन्सेस अँड कर्डी' (१८८३). दुसऱ्यात खाणीतला पोरगा कर्डी गुलाबांच्या आगीत हात घालतो आणि नंतर कुणाचाही हात धरला की तो माणूस आतून कुठला प्राणी होत चाललाय ते त्याला हाताला जाणवतं, खूर, पंजा, नख्या. आणि लीना नावाच्या भयंकर दिसणाऱ्या जनावराचा पंजा धरतो तर आत लहान मुलाचा मऊ हात. इथे मी वाचायचा थांबलो कारण दोघंही उठून बसले होते. आता घरी आलेल्या प्रत्येकाचा हात मुलगा धरून बघतो.

शेवट मात्र कडक आहे. कर्डी आणि राजकन्येचं लग्न होतं, राज्य चांगलं चालतं, पण त्यांना मूल नसतं, पुढचा राजा सोन्यासाठी शहराखालचे खांबच पोखरतो आणि एक दिवस आख्खं शहर कोसळतं. मुलीला हे अजिबात पटलेलं नाही, तिचं म्हणणं लग्नापाशी थांबायचं होतं. मी वाचलं, परत वाचायची वेळ आली तरी तेवढं परिच्छेदभर वाचणारच. यातली बहुतेक पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ऑनलाइन संग्रहावर फुकट आहेत, छापील घेणार असाल तर आर्थर ह्यूजची मूळ चित्रं असलेली 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन'ची प्रत शोधा, पोरं चित्रावर बोट ठेवून ऐकतात.