सेटिंगमध्ये अँड्रॉइड १३, आत ८.१

गाडीत बसवायचा अँड्रॉइड स्टिरिओ: नऊ इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम, १२८ जीबी मेमरी, अँड्रॉइड १३, नेव्हिगेशन, मागचा कॅमेरा, आणि सगळं फिटिंगसकट नऊ हजारांत. कार डेकोरच्या दुकानात हा भाव ऐकला की कंपनी फिटेड सिस्टिम लगेच काढून टाकावीशी वाटते. सावध गिऱ्हाईक असेल तर सेटिंग उघडून आकडे बघतं. तिथेही ८, १२८ आणि १३च असतं. खात्री पटते, पैसे जातात. आठवड्याभरात नकाशा अडकायला लागतो. गाणं आणि मॅप्स चालू असताना रिव्हर्स टाकला की कॅमेऱ्याचं चित्र भिंत जवळ आल्यावर येतं, आणि गाडी पुढे घेतली की मॅप्स पुन्हा पहिल्यापासून उघडतं.

सेटिंगमधलं ते पान हा पुरावा नव्हे. फर्मवेअर, म्हणजे युनिटचं मूळ सॉफ्टवेअर, भरणारा तिथे हवा तो आकडा लिहू शकतो. या भावातल्या युनिटमध्ये एसी८२२७एल ही चिप वारंवार निघते: चार कोर, कॉर्टेक्स-ए७ या जुन्या, हळू जातीचे, ३२ बिट, मूळ अँड्रॉइड ८.१, रॅम १ किंवा २ जीबी. खरंच चांगल्या चालणाऱ्या युनिटमध्ये यूआयएस७८६२ सारखी आठ कोरची चिप असते, त्यातले दोन कोर वेगवान कॉर्टेक्स-ए७५ आणि सहा ए५५. नऊ हजारांत फिटिंगसकट ती मिळत नाही, आणि हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

म्हणून डॅशबोर्ड उघडायच्या आधी युनिट काउंटरवर १२ व्होल्टच्या सप्लायवर चालू करून मागा. पेनड्राइव्हवर एआयडीए६४ किंवा डेव्हचेक या हार्डवेअर तपासणाऱ्या ॲपची एपीके (इन्स्टॉल करायची) फाइल घरून न्या. त्यात एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइड आवृत्तीचा आतला क्रमांक, बघा: २७ म्हणजे ८.१, २९ म्हणजे १०, ३३ म्हणजे १३. हा आकडा खोटा केला तर ॲपच बिघडतात, म्हणून आवृत्तीचं नाव बदलणारेही याला सहसा हात लावत नाहीत. कोरच्या जागी कॉर्टेक्स-ए७ दिसलं तर पुढे बोलायची गरज नाही. रॅमचा आकडा मात्र ॲपमध्येही फसवा येऊ शकतो. त्यासाठी मॅप्स, गाणं आणि ब्राउझर एकापाठोपाठ उघडा आणि मॅप्सवर परत या. ते नव्याने लोड झालं तर ८ जीबी विसरा. मेमरीसाठी ४० जीबीच्या फाइली कॉपी करून त्यातली शेवटची चालवून बघा. याला वेळ लागतो, दुकानदार वैतागतो. वैतागू द्या. स्क्रीन '२के' म्हणून विकतात. खरं रिझोल्यूशन पुष्कळदा १०२४ बाय ६०० असतं. '४ बाय ६० वॅट'चा दावा मागचा फ्यूज बघून तपासा. १५ अँपिअरचा फ्यूज आणि इंजिन चालू असतानाचे १४.४ व्होल्ट धरले तरी युनिट जेमतेम २१६ वॅट खेचू शकतं, मग सतत २४० बाहेर कुठून देणार?

दुसरी फसवणूक वायरिंगची. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर (वायरी न कापता जोडायचे प्लग) लावायचे सांगून पैसे घेतात आणि मूळ कपलर कापून वायरी पिळून टेप मारतात. पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. घाईत पिवळी आणि लाल एकत्र जोडतात. दोन्ही चावीवर टाकल्या तर युनिट दर वेळी शून्यातून सुरू होतं आणि रेडिओची स्टेशनंही विसरू शकतं. दोन्ही बॅटरीवर टाकल्या तर ते झोपतच नाही. समजा पाव अँपिअर खेचत राहिलं, तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसता टक्-टक् आवाज. तपासायला बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडा, गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, आतला फ्यूज उडेल. स्टिअरिंगवरची बटणं ज्या गाड्यांत कॅनवर (गाडीच्या आतल्या डेटा नेटवर्कवर) चालतात तिथे ते संदेश युनिटला समजावणारा वेगळा कॅन बॉक्स लागतो. तो न देताच "तुमच्या मॉडेलला सपोर्ट नाही" असं सांगून मोकळे होतात.

'जीपीएस सॉफ्टवेअर'चे वेगळे पैसे तर मुळीच देऊ नका. गुगल मॅप्स फुकट आहे, त्याचे ऑफलाइन नकाशेही. लक्ष अँटेनाकडे द्या. चुंबकाचा तो चौकोनी तुकडा डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीच्या पोटाला चिकटवला तर उपग्रह दिसत नाहीत. तो काचेजवळ, आकाशाकडे तोंड करून हवा. आणि रोजचं गुगल खातं यात घालू नका, वेगळं काढा. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअरबद्दल इशारा दिला, त्यात बाहेरून बसवलेल्या कार सिस्टिमचाही उल्लेख होता.

काढलेली कंपनीची सिस्टिम एक्स्चेंजमध्ये हजार रुपयांना देऊ नका. मूळ स्क्रू, ब्रॅकेट आणि फ्रेमसकट घरी आणा. नवं युनिट परत करायची वेळ आली तर गाडीत लावायला तीच लागते, आणि ती दुकानात राहिली की भांडणाचा जोर त्यांच्याकडे.

बिल जीएसटी नंबरचं घ्या आणि त्यावर चिपचं नाव, खरी रॅम, रिझोल्यूशन, सिरियल नंबर आणि 'वायर न कापता कपलरने जोडणी' हे लिहून घ्या. यातलं एक जरी लिहायला दुकानदार कांकू करू लागला तर ॲडव्हान्स न देता निघा. आधीच फसला असाल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार होते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण बिलावर नुसतं 'कार स्टिरिओ १ नग' असेल, तर काय कबूल केलं होतं हे सिद्ध करायला ॲपचे स्क्रीनचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एवढंच हातात उरतं. ते डिलीट करू नका.