बोलेक्स एच १६ : चावीचा कॅमेरा आज कशाला घ्यायचा?

एक्सपेरिमेंटल फिल्म करायचीय आणि खिशात फोन आहे, मग सोळा एमएम फिल्मवर चालणारं हे धूड कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बोलेक्स एच १६ हा १९३५ पासूनचा स्विस कॅमेरा, माझ्याकडे त्यातलं रिफ्लेक्स मॉडेल आहे (म्हणजे लेन्समधूनच बघता येतं ते), अर्थात सेकंडहँड. बॅटरीबिटरी काही नाही, बाजूच्या हँडलने चावी भरायची आणि बटण दाबायचं. चावी फुल्ल भरली तरी सेकंदाला २४ फ्रेम्सच्या स्पीडला एका दमात साधारण २८ सेकंदच चालतो, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. शॉट २८ सेकंदांच्या आत संपणारच आहे म्हटल्यावर बटण दाबायच्या आधी डोकं चालवावंच लागतं, त्यात १०० फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत खलास, त्यामुळे 'आत्ता घेऊन ठेवू, एडिटला बघू' हा कारभारच बंद.

दुसरी मजा रिवाइंडची. स्प्रिंग सोडवायची, छोटी दांडी लावून फिल्म उलटी फिरवायची, फ्रेम काउंटर बघत बरोब्बर त्याच जागी आणायची आणि त्याच पट्टीवर परत शूट करायचं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दुसरी इमेज पहिलीच्या काळोख्या भागातच नीट उमटते, उजेडावर उजेड पडला की सगळं पांढरंफटक. म्हणजे दोन शॉट्सचं एडिटिंग तुम्ही आधीच, अंधार कुठे ठेवायचा हे ठरवून, कॅमेऱ्यातच करताय! अमेरिकेतली एक्सपेरिमेंटल फिल्ममेकर माया डेरेनने १९४३ साली बोलेक्सवरच काम केलं, तिथलाच फिल्म-डायऱ्या करणारा जोनास मेकास, त्याची ती एकेक-दोनदोन फ्रेमची फडफड यावरचीच. थिअरी लिहिणारे मागाहून आले, आधी ही बटणं होती.

जुनाट फिल्मचे ओरखडे टाकणारी अॅप्स मला अजिबात झेपत नाहीत, तो नुसता मेकअप झाला. त्यापेक्षा डेटामॉशिंगवाले बरे, व्हिडिओतल्या कीफ्रेम (ज्यांत अख्खं चित्र साठवलेलं असतं त्या) उडवून आधीच्या शॉटचे पिक्सेल पुढच्यात वाहू देतात, ते निदान डिजिटलचीच हाडं मोडून बघतात.

आता तक्रारी. आवाज भरपूर करतो आणि स्प्रिंगवर सिंक साउंड, म्हणजे ओठांशी जुळणारा आवाज, विसरा. व्ह्यूफाइंडर अंधारा, कारण लेन्समागचा प्रिझम साधारण पाव उजेडच तिकडे वळवतो (तेवढा फिल्मला कमी पडतो) आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बंद केलं की आत रात्रच, म्हणून फोकस उघड्या अॅपर्चरवर करून मग बंद करायचं. २४ फ्रेम्सला शटर १/६५ सेकंद असलं तरी लाइट मीटरवर १/८० धरा, म्हणजे प्रिझमचा हिशोब आत आला. ५० एमएमपेक्षा वाइड लेन्स आरएक्स (म्हणजे रिफ्लेक्स बोलेक्ससाठीच बनवलेली) लिहिलेलीच घ्या, नाहीतर उघड्या अॅपर्चरला इमेज मऊ येते. आणि डोळा आयपीसवरून काढलात तर मागून उजेड शिरतो, तिथे एक छोटी कळ आहे ती लावत जा.

फिल्म लोड करणं मात्र वाटतं तेवढं अवघड नाही, टोक कापायला कटर आतच दिलाय आणि फिल्मचे लूप, म्हणजे सैल वळणं, कॅमेरा स्वतःच घालतो. खरा बोचतो तो फिल्म, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंगचा खर्च, तो सतत चालूच राहतो.

घेताना चावी पूर्ण भरून रिकामाच चालवा आणि शेवटपर्यंत स्पीड पडतो का ते कान देऊन ऐका. डायलॉगवाली शॉर्ट फिल्म करायची असेल तर याच्या नादी लागू नका, सरळ मिररलेस डिजिटल कॅमेरा घ्या.