मुलीच्या शाळेतले उपक्रम आणि भेटी: आठ महिन्यांचा अनुभव

आम्ही चाळीसगावचे. मुलगी चौथीत आहे, जूनमध्ये तिची शाळा बदलली. प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं की शनिवारी दप्तर नाही आणि महिन्यातून एकदा कुठेतरी भेट. त्याचे वर्षाचे अडीच हजार वेगळे घेतले. आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून लिहिते.

पैसे वसूल झाले ते पाटणादेवीला. तशी ही जागा आम्हाला नवी नाही. नवरात्रात जातो, चंडिकेचं दर्शन घेतो, डबा खातो, परत येतो. पण वर्गाच्या बाईंनी आठ दिवस आधीच मुलांना लीलावती या जुन्या गणिताच्या ग्रंथातलं भुंग्यांचं गणित घातलं होतं. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलिंध्रीवर, या दोन्हींतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा नुसता घिरट्या घालतोय. तर भुंगे किती? उत्तर सांगितलं नाही, घरी शेंगदाणे घेऊन बसा म्हणाल्या. पोरगी स्वयंपाकघरात फरशीवर बसली. दहा घेतले, तिसरा भाग होईना. बारा घेतले, पाचवा होईना. मग पंधरा. तीन इकडे, पाच तिकडे, फरक दोनाचा, त्याचे सहा. आणि एकदम ओरडली, "आई, एक उरला!" पोळी तव्यावर करपली, पण मला तिच्याजवळून उठवेना.

मग पाटणादेवीला गेल्यावर बाईंनी सांगितलं की हे गणित रचणाऱ्या भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ 1150 सालचा, आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. तसं इथल्या शिलालेखातच आहे. घरी आल्यावर पोरीचा प्रश्न: म्हणजे तिथली मुलंपण भुंगेच मोजायची का? इतकी वर्षं तिथे जाऊन मला हे कधी सुचलं नव्हतं.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या आठवड्यात आजी-आजोबांना वर्गात बोलावलं. माझ्या सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, शाळेत जायचं म्हणून आदल्या रात्री नीट झोपल्या नाहीत. उभ्या राहिल्या आणि आमच्या अहिराणी बोलीतच सुरू झाल्या, "ही मन्ही नात से." मुलं आधी हसली. पण कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं सांगायला लागल्या, कानबाईचं गाणं म्हटलं, तशी मागच्या बाकांवरची चार-पाच मुलंही अहिराणीत बोलू लागली. एरवी ती वर्गात तोंड उघडत नाहीत, असं बाई मला नंतर म्हणाल्या. मला भरून आलं.

दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंग कारखान्यात नेलं होतं. सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळी कशी होते, रुईच्या साधारण 170 किलोच्या गाठी कशा बांधतात, हे मुलांनी जवळून पाहिलं. वेणीत रुई अडकवूनच घरी आली. क्विंटलभर कापसातून रुई फक्त 33-35 किलो निघते, हे तिने आजोबांना सांगितलं. ते पन्नास वर्षं कापूस लावतात. "बाकीचं सरकी" म्हणाले, आणि तासभर दोघं बोलत बसले.

छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनाची भेट मात्र वाया गेली. स्टेशनजवळच आहे, फोटो बघत रमावं अशी जागा. पण दोन वर्ग एकदम आत घातले आणि अर्ध्या तासात बाहेर काढले. पोरीला फक्त रांग आठवते. दोन गट करून नेलं असतं तरी चाललं असतं. वृक्षारोपणही तसंच, एका रोपाला सात मुलांचे हात आणि ग्रुपवर फोटो. पाणी कोण घालतं कुणास ठाऊक.

आणि डिसेंबरची सहल. वॉटर पार्क, नऊशे रुपये वेगळे. वर्गातली अकरा मुलं पैशापायी गेली नाहीत. त्यात तिची बाकावरची मैत्रीण होती. सोमवारी वर्गात सहलीवर निबंध लिहायला दिला. ती मैत्रीण काय लिहिणार? मी मुख्याध्यापकांना भेटून हेच विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, निबंधाचा विषय चुकला हे मान्य केलं, सहलीचं मात्र "बघू" म्हणाले.

कोणी प्रवेशाचा विचार करत असेल तर वर्षभराच्या भेटींची यादी बघू नका, ती सगळ्याच शाळांकडे असते. भेटीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात काय करून घेतात ते विचारा. आमच्याकडे ते एका बाईंमुळे आहे. दुसऱ्या तुकडीतली मुलं त्याच पाटणादेवीला जाऊन वडा खाऊन आली.

पुढच्या वर्षीचे अडीच हजार मी भरणार आहे. सहलीचे वेगळे पैसे मागितले तर आधी विचारीन, वर्गातली सगळी येणार आहेत का.