तळाचे मासे: एकेका जातीचं मॉडेल की सगळ्यांचं मिळून?

ठाण्याहून एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. प्रबंधासाठी तिने बेरिंग समुद्राच्या (अलास्का आणि रशियाच्या मधला) तळाचे मासे घेतलेत, गाडी अडलीय ती मॉडेलवर, म्हणजे कुठे किती मासा असेल याचा संगणकावरचा अंदाज. प्रत्येक जातीचं वेगळं करू की सगळ्यांचं एकत्र? हाताशी सहा महिने आणि आठ जीबीचा लॅपटॉप. फोनवर अर्धवटच बोलणं झालं, म्हणून इथे सविस्तर.

माहिती फुकट मिळते, हे पहिलं सुख. पूर्व बेरिंगच्या उथळ भागात अमेरिकी शास्त्रज्ञ १९८२ पासून उन्हाळ्यात ठरलेल्या पद्धतीने तळाचं जाळं ओढतात. वीस-वीस सागरी मैलांच्या चौकटी, कित्येक वर्षं ३७६ ठिकाणं, दर ठिकाणी अर्धा तास. कोविडमुळे २०२० ची फेरी मात्र झालीच नाही. तिथल्या बदलाचं मूळ म्हणजे 'कोल्ड पूल': हिवाळ्यातल्या बर्फामुळे उन्हाळ्यातही तळाशी टिकणारं, २ अंशांहून थंड पाणी. आर्क्टिक कॉड या माशाला ते मानवतं, पोलॉक आणि पॅसिफिक कॉड हे मासे त्यापासून लांब राहतात. २०१८ मध्ये हा पूल जवळजवळ नाहीसाच झाला.

एकेका जातीच्या मॉडेलसाठी 'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेतलं एसडीएम-टीएमबी हे पॅकेज घ्यावं. खोली, तळाचं तापमान, जागा आणि वर्ष यांवरून किती मासा मिळेल ते सांगतं. रिकाम्या जाळ्यांचे ढीगभर शून्य पचवतं, २०२० चं भगदाडही आजूबाजूच्या वर्षांवरून भरून काढतं. लॅपटॉपवर एक जात बहुधा काही मिनिटांत होते, चुकलं तर जेवणाआधी पुन्हा चालवता येतं. अडचण एकत्र मांडताना येते. प्रत्येक जातीला 'आहे' किंवा 'नाही' असा शिक्का मारून बेरीज केली, की एका ठिकाणच्या जातींची संख्या सहसा फुगते.

सगळ्या जातींच्या एकत्र मॉडेलसाठी एचएमएससी हे पॅकेज, फिनलंडच्या ओत्सो ओवास्कायनेन यांच्या गटाचं. जातींचे गुण आणि वंशावळही त्यात घालता येते, त्यामुळे क्वचित सापडणाऱ्या जातीला नातलगांचा आधार मिळतो. समुदाय म्हणून काय बदललं, हा प्रश्न थेट विचारता येतो. पण वेळ खातं. माझं एक मॉडेल ऐरोलीत सोळा तास चाललं होतं, आणि दुपारी लाइट गेली. मधूनमधून सेव्ह करायची अक्कल त्यानंतर आली.

याहून मोठा धोका निष्कर्षात आहे. तापमान-खोलीचा परिणाम वजा केल्यावरही मॉडेलमध्ये दोन जाती सोबत दिसल्या, की लोक त्यांचं नातं जुळवून मोकळे होतात. दिवाळे कोळीवाड्यात एकाच पाटीत बोय आणि शिंगाळा दिसले म्हणून त्यांचं काही देणंघेणं असतं का? दोघांना खाडीचं गढूळ पाणी चालतं, एवढंच. आपण न मोजलेली गोष्ट मॉडेलमध्ये मैत्रीचा वेष घेऊन येते.

आणखी एक मेख. ईलपाऊट, स्नेलफिश यांसारख्या तळाच्या माशांची ओळख सुरुवातीच्या वर्षांत आजइतकी पक्की नव्हती. पुढे ओळख सुधारली, की कागदावर 'नवी' जात अवतरते. कॉडला हा त्रास नाही, कॉड कोणीही ओळखतं. सगळा समुदाय घ्यायचा तर शंकास्पद जाती गटात बांधाव्या लागतात, आणि हे काम मॉडेलपेक्षा जास्त वेळ घेतं.

इकोपॅथ किंवा अटलांटिससारखी अख्ख्या परिसंस्थेची मॉडेलं एकटीने सहा महिन्यांत करायची नसतात. कोण कोणाला किती खातो, याचे आकडे जमवण्यातच वर्ष जाईल.

तिच्या जागी मी असतो तर सहा-सात ओळखीच्या जाती घेऊन एकेकटं मॉडेल केलं असतं. प्रश्नच 'समुदाय' असा असेल तर एचएमएससी, पण चाळीसेक जातींवर आणि निम्म्या वर्षांवर आधी चालवून बघून. एक परीक्षा मात्र दोन्हींची घ्यावी: २०१६ पर्यंतची वर्षं शिकवायची, २०१७ ते २०१९ झाकून ठेवायची आणि अंदाज किती चुकतो ते बघायचं. साधं मॉडेल तितकंच जवळ आलं तर अवघडामागे लागू नये. त्याआधी उत्तर बेरिंगची ठिकाणं जोडून घ्यावीत. तिथली पाहणी दरवर्षीची नाही, २०१० नंतर थेट २०१७. ती वगळली, तर उत्तरेकडे निघून गेलेला कॉड मॉडेलच्या लेखी मेलेला ठरतो.